खोक्यावर हजार, घरात अडतीस

खोक्यावर ठळक अक्षरात 'एक हजार' छापलेलं होतं, आणि बाबूसिंगच्या मोबाइलवर नेटचा वेग दिसत होता तीन. आर्णीजवळच्या तांड्यावर पीठगिरणी चालवणाऱ्या माणसाला हजाराचे तीन होणं कसं पटणार? मूठभर पीठ कमी भरलं तरी बाया त्याला सोडत नसत.

त्याची लेक वर्षा हिची मुलाखत परवा सकाळी अकराला होती. नागपूरच्या एका दवाखान्यात नर्सची जागा. विचारणारे तिकडे, ही इकडे, मध्ये नेट. मागच्या खेपेला मोबाइलवर दुसऱ्याच प्रश्नाला तिचं चित्र अडकलं आणि लाइन तुटली. दवाखान्याने भलेपणाने आणखी एक तारीख दिली, पण ही शेवटची, असं बजावून. नेटचा डबा रस्त्याकडच्या गिरणीत, घर अंगणापलीकडे. वायफाय अंगणातच दम तोडायचं. गिरणीच्या टिनाखाली भर मे महिन्यात तासभर बसून मुलाखत द्यायची म्हणजे भट्टीत बसणंच. म्हणून बाबूसिंगने नयनच्या दुकानातून ही खोक्यांची जोडी आणली होती. एक खोकं गिरणीतल्या प्लगला, दुसरं वर्षाच्या खोलीत, आणि नेट जाणार विजेच्याच तारेतून.

"मले फसवलं का बे?" त्याने दुकानदार नयनला फोनवरच झाडलं.

नयन बिचारा उन्हातान्हाचा गाडीवर आला. बोर्ड उघडला आणि हसलाच. "काका, घराची लाइन दुसऱ्या फेजवर कोणं टाकली?"

"मीच टाकली. गिरणी चालू झाली का घरचे लाइट मिणमिणत होते."

"मंग नेट कसं जाईन? एक खोकं ह्या फेजवर, दुसरं त्या फेजवर. आन् हजार त कंपनीच्या टेबलावरचं असते, काका. घरात चाळीस भेटले तरी लई झाले."

त्याने दोन्ही जागा एकाच फेजवर घेतल्या. आकडा अडतीसवर गेला. आनंदाच्या भरात बाबूसिंगने गिरणीचं बटण दाबलं, आणि अडतीसचे दोन झाले.

"मोटर चालली का तारीत गोंगाट होते," नयन म्हणाला. "मुलाखतीच्या टायमाले गिरणी बंद ठेवजा."

सांगणं सोपं होतं. त्या आठवड्यात थ्री फेज मिळायची सकाळी दहा ते दुपारी एक, म्हणजे ऐन मुलाखतीच्या वेळेला सगळ्या तांड्याचं दळण. मुलाखतीच्या दिवशी बाया डबे घेऊन आल्याच. पुढे रुपीबाई, तिच्याकडे तर जावई येणार होते. बाबूसिंगने मान खाली घालून सांगितलं, "याडी, माय, बारापर्यंत गिरणी बंद हाये. मोटर चालली का पोरीचं बोलणं तुटते."

डबे तिथेच ठेवून बाया परत फिरल्या. झाल्या नाराज, बाबूसिंगने मनाशी म्हटलं. वर्षभर तोंड पाहायचं होतं त्यांचं.

अकराला वर्षाने दार लावून घेतलं. सारखा वेग मोजत बसायचा नाही, मोजण्यातही नेट खर्ची पडतं, अशी तिची सक्त ताकीद होती. बाबूसिंग अंगणात बसून राहिला. पाच-दहा मिनिटं गेली असतील. तांडा एकदम गप्प झाला होता. शेजारचा कूलर बंद, पलीकडचा टीव्ही बंद, मिक्सरची घरघर कुठेच नाही. गेली लाइट! तो धडपडत गिरणीत शिरला. खोक्याचा हिरवा दिवा सुरूच होता.

त्याला काही उमजेना. बाहेर येऊन पाहतो तर रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली सगळ्या बाया बसलेल्या, घामाघूम, पदराने वारा घेत. तो जवळ आला तशी रुपीबाई दबक्या आवाजात म्हणाली, "तूच म्हणे ना भिया, मोटर चालली का पोरीचं बोलणं तुटते. आमच्या कूलरातबी मोटर हायेच ना. समद्याइची डीपी एक, तार एक. घरोघरी जाऊन समद्याइले बंद कराले लावलं."

नयन तर फक्त गिरणीचं बोलला होता. ते सांगायला बाबूसिंगने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. जीव काढणाऱ्या त्या उन्हात या बायांनी त्याच्या लेकीसाठी आपापले पंखेसुद्धा बंद केले होते, आणि हा त्यांना नाराज समजून बसला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. कोणत्या पुण्याईने आपण या तांड्यात जन्मलो, असं त्याला वाटलं, आणि तोही त्यांच्यात जाऊन बसला.

पावणेबाराला दार उघडलं. वर्षा धावतच बाहेर आली. "बा, एकडावबी नाही अटकलं! डॉक्टर म्हणे, एवढा साफ आवाज आज कोणाचाच नाही आला." मग तिला भोवतालची शांतता जाणवली. "एवढं सामसूम काहून हाये? तांड्यात लाइट नव्हती का?"

बाबूसिंगने लिंबाखालून उठणाऱ्या, तोंडावरचा घाम टिपणाऱ्या बायांकडे पाहिलं.

"होती ना बाई," तो म्हणाला. "समद्याइच्या घरी होती."