जावक क्रमांक चौदा

चौतीस वर्षं मी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. पत्र आलं का आवकच्या रजिस्टरात, निघालं का जावकच्या. एकदा का जावकचा नंबर पडला, का पत्र गेलं. पुढं ते खेमसिंग चपराशी सायकलवर नेवो नाही तर डोक्यावर, तो आपला विषय नाही. रजिस्टरात शेवटी 'पोच' म्हणून एक रकाना असते. तो मी कधी भरला नाही, कोणी भरायले सांगितलंही नाही. एखादा साहेब बोंबलला, "पत्र मिळालं नाही," का मी रजिस्टर त्याच्या नाकासमोर धरायचो. हे घ्या नंबर, ही घ्या तारीख. आता थकलो बाप्पा, पण खरं सांगतो, मले त्या रजिस्टराचा लय गर्व होता.

म्हणून आमची शोभा जेव्हा म्हणे, "अहो, तुमची पत्रं साकेतले मिळूनच नाही राह्यली," तेव्हा माझं डोकं फिरायचं.

साकेत आमचा एकुलता एक पोरगा. शेतकीचं शिकला आणि एका बियाण्याच्या कंपनीत लागला, आपल्याच जिल्ह्यात फिरायचा. घाटंजीचा घनश्याम माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याले मीच म्हटलं, "पोराचं बियाणं घे, डोळे मिटून घे." त्यानं घेतलं. त्या साली त्याच्या वावरात कापसाची पऱ्हाटी नुसती हिरवीगार उभी, बोंड धरलंच नाही. घनश्याम एका शब्दानं बोलला नाही. दिवाळीले नेहमीसारखा आला, तुरीच्या डाळीची पिशवी ठेवली, चहा पेला, गेला. तेच मले सहन झालं नाही. शिव्या देल्या असत्या तर बरं झालं असतं. तो गेल्यावर मी पोरावर असा तुटून पडलो का शेजारचे फाटकापाशी येऊन उभे राह्यले. साकेत बॅग भरून पुण्याले निघून गेला. ती नोकरीही सोडली त्यानं. घरी मात्र आला नाही.

मग सुरू झाली पत्रं. घरातला कॉम्प्युटर त्यानंच घेऊन देल्ला होता. ई-मेल मी स्वतः बसवलं, कागदावरच्या सूचना वाचून वाचून. जे समजलं तिथं टिक मारली, जे नाही समजलं ती चौकट कोरी सोडली. न समजलेल्या कागदावर सही करायची नाही, ही नोकरीतली शिस्त.

फोनचं बिल वाढते म्हणून मी आधी पत्र लिहायचो, 'सेंड' दाबायचो, मग लाइन जोडायचो. पत्र जाऊन बसायचं आउटबॉक्समध्ये. आउटबॉक्स म्हणजे जावक, हे सांगायले कोणी मास्तर लागते का? मी रजिस्टरासारखेच रकाने आखलेल्या वहीत नंबर टाकायचो, तारीख, विषय. झालं. लाइन जोडली का साकेतची पत्रं यायची. त्यासंगं लाल फुलीची एक इंग्रजी खिडकी उघडायची. ती मी बंद करायचो.

साकेतच्या पत्रात दरवेळी तेच रडगाणं: बाबा, तुमचं उत्तर नाही. मी म्हणायचो, पाहा, शेफारला! आमची उत्तरं म्हणजे उत्तरंच नाहीत म्हणे! पहिली तीन पत्रं मी आगीत लिहिली होती, कबूल आहे. पण वर्षभर माणूस किती तापून राहीन? हळूहळू मी शोभाच्या गुडघ्यांचं लिहायले लागलो. अंगणातल्या जांबाच्या झाडाचं लिहिलं. घनश्यामनं यंदा सोयाबीन पेरलं आणि तुयी आठवण काढत होता, तेही लिहिलं.

मंगळवारी त्याचं पत्र आलं. सोमवारी पहाटे मुंबईहून विमान. इथिओपियाला चाललोय, तिथल्या कापसावर काम आहे, तीन वर्षं. शुक्रवारपर्यंत तुम्ही 'ये' म्हणालात तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं येऊन जातो. आईकडून निरोप नको, तुम्ही सांगा. नाही तर परस्पर जाईन.

मी त्याच घडीले उत्तर लिहिलं. जावक क्रमांक चौदा.

शुक्रवार उजाडला, काही नाही. मी वही उघडून बसलो. 'ये' म्हटलं तरी येत नाही म्हणजे काय? एक वाजता शोभा मले न विचारता गेली आणि निकिताले घेऊन आली. निकिता बाभुळगावची, बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते.

"मशीन चांगली आहे," मी म्हटलं. "पोरगंच कोडगं आहे."

"पाहू तर द्या काका," ती म्हणाली आणि बसली. अर्धा घंटा खाटखूट केली. मले उभ्या उभ्या शीण आला. मग ती थांबली. "काका, तुमच्या आउटबॉक्समध्ये चौदा मेल आहेत."

"मग? चौदाच आहेत. वही पाय."

"काका, आउटबॉक्स म्हणजे गेलेली नाही. जायची बाकी असलेली. यातलं एकही गेलं नाही."

मी खुर्ची ओढून बसलो. शोभानं मले शिव्या द्यायले पाहिजे होत्या. वर्षभर बाई जीव तोडून सांगत होती आणि मी तिच्या नाकासमोर वही धरत होतो. पंधरा वर्षांचा असतो तर रडलो असतो.

"एक टिक राह्यलीय फक्त," निकिता म्हणाली. "पत्र पाठवतानाही पासवर्ड द्यायचा, त्याची. ही पाहा, कोरी सोडलीय तुम्ही." तिनं टिक मारली, लाइन जोडली, बटन दाबलं. "झालं काका. आता एकामागून एक जातात, नंबरानं."

नंबरानं! मी ताडकन उठलो. "अवं थांब! पहिली नको! पहिली तीन नको पाठवू!"

"काहून?"

काहून ते कोणत्या तोंडानं सांगू? पडद्यावर निळी पट्टी सरकत होती. चौदापैकी एक. चौदापैकी दोन. निकिता कुठलं तरी बटन शोधत होती, मी वायर शोधत होतो. चौदापैकी तीन. आणि पंखा थांबला, पडदा काळा झाला. दोन वाजले होते. लोडशेडिंग.

"तीन गेली," निकिता हळूच म्हणाली. "बाकीची लाइट आल्यावर जातीन."

लाइट आठले येते. पुण्याहून ट्रॅव्हल्स पाचले सुटते. वर्षभर सांभाळून ठेवलेली आग तेवढी पोरापर्यंत पोचली आणि 'ये' घरातच राह्यलं.

शोभा एवढंच म्हणाली, "फोन लावा."

फोन करणार नाही, अशी मी त्या दिवाळीत शपथ खाल्ली होती. आता शपथेले काय करू, चाटू? लाइट नसली तरी फोन चालते. मी नंबर फिरवला.

"बाबा?" साकेत म्हणाला. "आत्ताच तुमचे तीन मेल आले. वर्षभरानं. तिसरं वाचतोय. माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको, असं लिहिलंय."

"त्याच्यावरची तारीख पाय."

"मागच्या डिसेंबरची आहे."

"हां. एकूण चौदा आहेत. टिक राह्यली होती माझ्याच्यानं, सारी इथंच पडून होती. ही तीन आत्ता निघाली अन् लाइट गेली."

"चौदाव्यात काय आहे?"

मी वही उघडली. वहीत पत्र नसते, विषय असते. चौतीस वर्षं साहेबांपुढं वाचलं तसं वाचायले लागलो. "जावक क्रमांक चौदा. प्रति, चिरंजीव साकेत. विषय..." शोभानं वही हातातून घ्यायले पाहिली, मी दिली नाही. "विषय, घरी येण्याबाबत."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मग मी कोणतं धरू बाबा? तिसरं का चौदावं?"

"नंतरचा आदेश निघाला का आधीचे रद्द होतात रे," मी म्हटलं. "अन् आदेश-बिदेश राहू दे. चुकलं माझं, पोरा. लय चुकलं."

"पण चौदावं तर अजून निघालंच नाही."

"नाही निघालं. आठले निघन ते. तू त्याच्या आधी निघ."

फोन ठेवला. निकितानं डोळे पुसले आणि शोभानं तिले चहाले थांबवून घेतलं. मी वहीत पहिल्या तीन नंबरांवर लाल शाईनं आडवी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं. मग चौदा नंबरपुढच्या 'पोच'च्या कोऱ्या रकान्याकडे नुसताच पाहत बसलो.

तो रकाना मी जन्मात पहिल्यांदा भरला, शनिवारी सकाळी पावणेसातले, फाटकाची कडी वाजल्यावर.