दाजींचं दावं

कोंडाजीनं लोखंडी वजनाची शेवटची चकती गच्चीवर आणून आदळली आणि मांडीवर थाप मारली.

"आलं ध्यानात, मॅडम! हे तर दावं हाय, दावं!"

सेफ्टीच्या साधना मॅडम हातात परमिट धरून उभ्या होत्या. चाकणच्या त्या कंपनीच्या सपाट छतावरचा पंखा बंद पडला होता. काम अर्ध्या तासाचं, पण पंखा काठापासून सहा हातांवर आणि काठाला कठडा म्हणून नाही. रेलिंग उभं करायचं तर अर्धा दिवस त्यातच जायचा. लांब दोर बांधला तर तो ताठ होईपर्यंत माणूस खाली जमिनीवर. छताला भोक पाडायला तर कंपनीची बंदीच. मग मॅडम म्हणाल्या, वजनाला दोर असा बांधा, की काठापर्यंत पोचताच येऊ नये. तेवढ्यावर कोंडाजी पेटला.

"बैलानं शेजाऱ्याच्या ज्वारीत तोंड घालू नये म्हणून काय करतो आमी? निस्ता दोर मापून भागत न्हाई. बेनं मान लांबवतं! ती मान आधी वजा करायची."

"मग माणूसही वजा करा, काका," मॅडम हसल्या. "पण बांधल्याशिवाय सही नाही."

इथंच घोडं अडलं. पंखा उघडणार होते सोनबा, कोंडाजीच्या धाकट्या बहिणीचे, कुसुमचे मालक. ज्या दाजींपुढं घरात आवाज चढवायचा नाही, त्यांना दाव्याला बांधायचं?

"माझा बैल केला का, पाव्हणं?" सोनबा गुरगुरले. "धा मिन्टाचं काम. कुसुमला कळलं तर पदर तोंडाला लावून हसंल."

"हसू दे. हात वर करा, दाजी."

वजनापासून काठ चौदा हात. कोंडाजीनं कोपरानं दोर मापला, माणसापोटी तीन वजा करून अकरावर गाठ मारली, दाजींच्या अंगावर सेफ्टीचा पट्टा चढवला, त्याच्या पाठीवरच्या कडीत हुक अडकवला आणि दोनदा ओढून बघितला. मॅडमनी तिसऱ्यांदा ओढला, मगच सही केली.

पंख्याची जाळी गंजून बसलेली. सोनबांनी काठाकडं पाठ करून, पाय रोवून हिसका दिला. जाळी एकदम सुटली आणि तिच्यासकट ते मागं गेले. एक पाऊल, दोन पावलं.

दोर खाडकन ताठ झाला.

काठ तीन हात राहिला होता. खाली कुठंतरी फोर्कलिफ्टचा भोंगा वाजला. सोनबांनी मागं वळून बघितलं आणि जाळी हळूच खाली ठेवली.

नवी मोटर बसली, पंखा गरगरला, तसा कोंडाजी ओरडला, "फिरला की राव! दाजी, फिरला!"

सोनबांनी हत्यारं पिशवीत भरली.

गेटबाहेरच्या टपरीवर ते चहाला बसले, तरी पट्टा अंगावर तसाच.

"काढा की आता, दाजी."

"ऱ्हाऊ दे." बशीत चहा ओतताना त्यांनी वर छताच्या काठाकडं बघितलं. "कुसुमला सांगू नका."

"दाव्याचं?"

सोनबांनी बशीवर फुंकर घातली.

"दाव्याचं सांगा हवं तर."