बारा पावलांची परवानगी

मित्रांनो, मी शुक्रवार पेठेतली एक जुनी पिठाची गिरणी आहे. जुनी म्हटलं म्हणून हळहळू नका. माझी मोटार ठणठणीत आहे, आणि पीठ कसं दळावं हे मला कुणी शिकवायला नको.

चाळीस वर्षांपूर्वी हिंमतरावांनी मला या गल्लीत बसवलं. उपासाची भाजणी ते सकाळी सगळ्यांच्या आधी दळत, कारण गव्हाचा एक कणही तिच्यात गेलेला त्यांना चालत नसे. भाकरी छान फुगली की बायका श्रेय स्वतःकडे घेत, थापताना तुटली की दोष माझा. तरीही डब्यांची रांग कधी हटली नाही. हिंमतराव गेल्यावर त्यांच्या पत्नी सोजरबाई आणि सून नम्रता मला चालवू लागल्या.

मग आमची इमारत पाडायला निघाली. नम्रताने समोरचाच गाळा घेतला. मधलं अंतर फक्त बारा पावलं. चार हमालांनी अर्ध्या तासात मला तिथे नेलं, आणि तिथेच मी अकरा महिने ताडपत्रीखाली बसून राहिले. परवानगी जुन्या जागेची होती. नव्या जागेसाठी मी म्हणजे उद्योग, आणि हा भाग निवासी! नऊ कागद आणा, सहा टेबलं फिरा. एका टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "गिरण्या चालतात हे ठाऊक होतं, पण रस्ता ओलांडतात हे नव्हतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी गिऱ्हाइकं तयार पिठाच्या पिशव्या आणू लागली. त्यात गाळामालकाने बजावलं, की दसऱ्यापर्यंत गिरणी सुरू झाली नाही तर गाळा दुसऱ्याला देईन. तसं झालं असतं तर माझी रवानगी भंगारातच होती.

नम्रता मात्र खमकी. परवानगी खात्यात शैला नावाच्या नव्या अधिकारी आल्या होत्या. ही त्यांना जागा दाखवायलाच घेऊन आली. माझ्यावरची ताडपत्री बाजूला केली आणि नऊच्या नऊ कागद माझ्या झाकणावर मांडले.

"मॅडम, यातले पाच कागद तुमच्याच ऑफिसने दिलेले आहेत."

शैलाताईंनी एकेक कागद उलटून पाहिला. "म्हणजे आमच्याच कपाटातले कागद आम्ही तुमच्याकडून मागतोय," त्या सावकाश म्हणाल्या.

सोजरबाईंचं माहेर खडकवासल्याकडचं, बोलणं सरळ. "मॅडम, दगड बोथट झाला की पीठ तापतंय. म्हणून आमी दगड फेकून देत न्हाई. छिन्नी-हातोडीनं त्याला टाकी लावतो. तुमच्या नियमाचं तसंच हाय."

शैलाताई हसल्या नाहीत. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. महिन्याभरात लहान दुकानांसाठी एकपानी अर्ज निघाला, त्यात पिठाची गिरणीही उद्योग न धरता दुकानच धरली, आणि सगळ्या खात्यांची माणसं एकाच दिवशी पाहणीला येऊ लागली.

दसऱ्याला आठ दिवस उरले असताना आमची पाहणी झाली. वरच्या मजल्यावरच्या इंद्रजीतची हरकत होती. तो घरूनच आयटीचं काम करतो. "मॅडम, मला मीटिंग्ज असतात. ही सुरू झाली तर सगळ्यांना वाटेल मी हेलिकॉप्टरमधून बोलतोय." खरं सांगते, त्याचा मला राग आला. पण त्याचं म्हणणं रास्त होतं.

नम्रताने माझ्या पायांखाली जाड रबर घातलं होतं. शैलाताई त्याच्या खोलीत जाऊन बसल्या आणि खाली मला सुरू केलं. पाच किलो गहू दळले. इतक्या निगुतीने मी आयुष्यात दळलं नसेल.

त्या खाली आल्या. "याचा पंखा हिच्याहून जास्त वाजतो," म्हणाल्या. "दुपारी एक ते चार मात्र बंद ठेवायची."

"त्या वेळेला आमी तसंबी झोपतो," सोजरबाई म्हणाल्या. माझ्या झाकणावरच सही झाली.

मित्रांनो, नियम हवेतच. ते नसते तर इंद्रजीतचं कुणी ऐकलं नसतं. पण तुमच्या गल्लीतलं एखादं लहान दुकान कागदासाठी अडलेलं दिसलं, तर पुढे होऊन एवढं नक्की विचारा, की हा कागद कुणाला हवा आहे आणि कशासाठी. आमच्या पाठोपाठ रतनच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाला नऊ दिवसांत परवानगी मिळाली.

बरं, आता मला बोलायला फुरसत नाही. एक वाजायला दहा मिनिटं आहेत, रांगेत सात डबे आहेत, आणि पहिलाच इंद्रजीतचा आहे.