टोकाबाहेरचं पाणी

"आई, मी बोटीत बसले! आजोबांनी सुकाणूसुद्धा धरू दिलं!"

तीन वर्षांची मिलाग्रो बटाट्याचा मिल्काओ तोंडात कोंबून बोलत होती. यास्नाच्या हातातली पाण्याची बाटली निसटता निसटता राहिली. बाटलीवरच्या चिठ्ठीवर सासऱ्यांचं ठसठशीत अक्षर होतं: बेटाच्या टोकाबाहेर, खुला समुद्र.

चिलीतल्या चिलोए बेटाच्या किनाऱ्यावर यास्ना एका सूक्ष्म समुद्री शेवाळाचा नकाशा करत होती. जात एकच, पण अंगावरचं चुन्याचं कवच कुणाचं जाड, कुणाचं पातळ. जाड कवचाच्या पेशी खुल्या समुद्रात, पातळ कवचाच्या आत खाडीत. तीन वर्षांत यात कधी अदलाबदल झाली नव्हती. पाणी आणून देत ते सासरे बेलार्मिनो, आणि ती कामावर असताना लेकीला सांभाळत तेही तेच. अट एकच होती, पोरीला टोकापलीकडे न्यायचं नाही. नेलं, तर ती त्यांच्याकडे पुन्हा राहणार नाही.

"बाबा, हिला बाहेर नेलंत?"

बेलार्मिनोंनी 'माते' या कडू चहासाठी किटली चुलीवर आदळली. "चाळीस वर्षं बोट हाकतोय. आता तू शिकव."

"हो की नाही, एवढंच सांगा."

"चिठ्ठी वाच की! कॉलेजात शिकलीस ना?"

यास्नाने त्यांच्या खुंटीवरची मिलाग्रोची लोकरी टोपी ओढून खिशात घातली आणि त्यांच्याच घराच्या मागच्या खोलीत मांडलेला आपला सूक्ष्मदर्शक लावला. जाड कवच असतं तर काचपट्टीवर चांदण्या झळकल्या असत्या. इथे सगळं मंद, धुकट. दुसरा थेंब घेतला, मग तिसरा. सगळ्या पेशी पातळ कवचाच्याच.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या आवाजातली धार गेली होती. "बाबा, हे पाणी आतलं आहे. टोक तुम्ही ओलांडलंच नाहीत."

"तुझं शेवाळ चहाडखोर आहे."

"आहेच."

बेलार्मिनोंनी किटली चुलीवरून उतरवली. "टोकाशी पोचलो तर लाट चढलेली. मागे ही बया मजेत गाणं म्हणतेय. माझे हातच गार पडले, पोरी. वळवली बोट. रिकाम्या हाताने कसा येऊ, म्हणून... धक्क्यावर बोलू नकोस हं, जन्मभर चिडवतील मेले."

"नाही बोलत. पण माझा नकाशा बिघडला असता, बाबा. उद्या बाहेर जा. एकटे."

"आणि ही?"

यास्नाने चिठ्ठीवर काट मारून 'खाडीच्या आत' लिहिलं. मग खिशातली टोपी काढून परत त्यांच्या खुंटीवर अडकवली.

"ही तुमची वाट बघेल. दुपारपर्यंत या."