माझ्या चाकाला कुलूप

मित्रांनो, मी सायकल. एकेकाळची निळी, आता गंजाच्या रंगाची. कोल्हापूरच्या दुकानात कारागिराने माझ्या चाकांच्या तारा ताणल्या, घंटी बसवली आणि जोतीरामने मला मुरगूडजवळच्या आपल्या वाडीत आणलं. खरं तर थोरल्या लेकासाठी. तो मोटारसायकलवर बसू लागला, तेव्हा मी धाकट्या अनुजाकडे आले.

तिच्यासारखं मला कोणी जपलं नाही. दर रविवारी ती साखळीला तेल घालायची. कॉलेजची वाट आम्हा दोघींना पाठ होती.

मग त्या वाटेवर सम्राट आला. गावातल्या बड्या घरचा पोरगा. आधी शिट्ट्या, मग गाडी आडवी घालणं. अनुजा मान खाली घालून पायडल मारायची. एके दिवशी कालव्याच्या पुलावर त्याने मागून तिची ओढणी खेचली. ती माझ्या चाकात अडकली आणि आम्ही दोघी खडीवर आपटलो. तिचं कोपर सोललं, माझं हँडल वाकलं. तो हसत निघून गेला.

घरी मलमाच्या आधी प्रश्न आले.

"एकटी का गेल्तीस?"

"वढणी नीट बांधाय येत न्हाय?"

शेजारची वर्षाराणीकाकू म्हणाली, "त्याला बघून हसली बिसली न्हवतीस न्हवं?"

अहो, पडलं कोण, पाडलं कोण! मी तिथेच होते, पण मला कोण विचारणार? जोतीरामने मला गोठ्यात उभं केलं आणि माझ्या चाकाला कुलूप घातलं. अनुजाचं कॉलेज बंद. सम्राटची गाडी मात्र रोज दारावरून भरधाव जायची. तिला कुलूप घालायचं कोणाच्याच मनात आलं नाही. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या.

पुढे आजऱ्याहून पाहुणे अनुजाला बघायला आले. गोठा घराच्या पुढच्या सोप्याला लागून, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. जोतीराम सांगत होता, "पायाला लागलंय, म्हणून कॉलेज बंद हाय."

चहा ठेवता ठेवता अनुजा बोलली, "पायाला काय बी झाल्यालं न्हाय. सम्राटनं वढणी वढून पाडलं मला. तो मोकळा फिरतोय आन् मी घरात बसलीया."

पाहुणे चहा न पिताच उठले. जोतीरामने हात उगारला. तोच तिची आई, बयाबाई, मध्ये उभी राहिली. "लेकीवर हात उचलतासा व्हय? त्या पोराच्या दारात जायला पाय का उचलंना तुमचा?"

जोतीरामने उगारलेला हात खाली घेतला. मग गोठ्यात आला, माझं कुलूप काढलं आणि म्हणाला, "चल पोरी, तक्रार देऊया. सायकल बी घे. हँडल दिसू दे त्यांना."

ठाण्यात मला खिडकीला टेकवलं. लिहिता लिहिता हवालदाराने विचारलं, "त्याच वाटेनं का जात होतीस?" मला वाटलं, घंटी वाजवून वाजवून याचे कान किटवावेत!

अनुजा म्हणाली, "कॉलेज त्याच वाटंवर हाय, साहेब. पुढं लिवा."

त्याने लिहिलं. सम्राटला बोलावणं गेलं, तक्रार पुढे कोर्टात गेली. अनुजा पुन्हा कॉलेजला जाते, माझ्यावरूनच. कोणी अजूनही म्हणतं, "आता गप बसायचं की पोरीनं!" अशा वेळी मी जरा जास्तच खडखडते.

मित्रांनो, आमच्या साखळीला तेल घाला, आम्हाला पावसात टाकू नका. आणि वाटेत मुलगी पडलेली दिसली, तर आधी तिला उठवा. प्रश्न विचारायचेच असतील, तर ते पाडणाऱ्याला विचारा.