सर्वांत खालची फळी

मिस्त्रींनी आयुष्यात होड्या पुष्कळ बांधल्या. काही कुजल्या, काही विकल्या गेल्या, एक-दोन तर चुलीत गेल्या. टिकला तो फक्त बांधाचा दरवाजा. खाडीचं पाणी बांधाआडच्या सखल जमिनीत शिरू नये, म्हणून दोन जाडजूड खांबांच्या खाचांत एकावर एक फळ्या सरकवून त्यांनी तो ऐन तारुण्यात उभा केला होता. त्यातून थेंबही गळत नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि कुणीच येत-जात नसेल तर बायकोला सांगत.

"ऐकलंय हो," ती म्हणे. "त्या दरवाजाला पाझर नाही नि तुमच्या तोंडाला खीळ नाही."

आता ती जमीन राखून कुणाचं भलं होत होतं, हे मात्र विचारायची सोय नव्हती. जमिनीत मुरलेलं मीठ वर येऊन ती पांढरी पडली होती आणि पीक घेणं लोकांनी केव्हाच सोडलं होतं. मिस्त्री तरी दर पावसाळ्याआधी फळ्यांना तेल चोळत.

खाडी सांभाळायची ती मंडळाने. मंडळ म्हणजे जाळीवाले आणि चिखलातून शिंपल्या वेचणाऱ्या बायका, आणि त्या सगळ्यांच्या वर मिस्त्रींची थोरली बहीण, आक्का. कुठला फाटा कधी बंद ठेवायचा, जाळ्याचं भोक किती मोठं हवं, शिंपल्यांच्या कुठल्या पट्ट्याला यंदा विश्रांती, सगळं बसून ठरे आणि एकदा ठरलं की पाळलं जाई. पहारेकरी नाही, कुलूप नाही. बंद पट्ट्यात कुणी पाऊलसुद्धा टाकत नसे. मंडळाची आणखी एक रीत होती. बंदी उठली की पहिली टोपली त्या घरी जायची, ज्या घराने त्या वर्षी सर्वांत जास्त सोडलं असेल. मिस्त्रींना या रीतीचं भारी हसू यायचं. शिंपल्यांनी भरपाई होते होय, असं ते म्हणत. त्यांच्या घरी टोपली कधी आली नव्हती, हा भाग वेगळा.

आणि अशा या शिस्तीच्या मंडळाकडून एकदा चूक झाली, तीही शिस्तीमुळेच. खाडीत माशांची पिल्लं कमी झाली होती. त्यांना लपायला खारफुटी हवी, म्हणून मंडळाने रोपं केली आणि ओहोटीच्या वेळी एका मोकळ्या पट्ट्यावर ओळीने लावून टाकली. पट्टा मोकळा दिसत होता, कारण त्या वर्षी त्याला विश्रांती होती. लावणीपर्यंत कुणी तिथे फिरकलंच नव्हतं, त्यामुळे खोल चिखलात शिंपल्या किती दाट भरल्यात हे कुणाच्या पायाला कळलंच नाही. रोपांच्या आडोशाला गाळ साचला आणि खालच्या शिंपल्या गुदमरायला लागल्या.

कळलं तेव्हा आक्काने बैठक बोलावली. तिने आडपडदा ठेवला नाही. आपलं चुकलं, त्यात माझं जास्त, रोपं काढावी लागतील, एवढंच ती बोलली. दुसऱ्या दिवशी ओहोटीला सगळ्या बायका कंबर कसून चिखलात उतरल्या.

मिस्त्री बांधावर जाऊन बसले ते मजा बघायला. पण मजा काही दिसेना. वर्षभर जिवापाड जपलेली रोपं त्या मुळासकट अलगद उपटत होत्या आणि मागचा खड्डा तळव्याने बुजवत होत्या. रडारड नाही, दोषारोप नाही. मिस्त्रींना खरं तर एक टोमणा मारायचा होता, घरून जुळवूनच आणला होता. तो तोंडातल्या तोंडात विरला.

काम आटोपल्यावर आक्का चिखलाच्या पायांनी तशीच वर आली.

"बारक्या," ती म्हणाली. मिस्त्रींचे केस पिकले होते, पण तिच्या लेखी ते बारकेच. "खारफुटी लावायला नकोच होती. तिचं बी प्रत्येक भरतीला वाहत येतं. तुझ्या दरवाजाला टकरा देतं नि परत जातं."

"दरवाजा चांगला आहे माझा."

"चांगला आहे म्हणूनच अडलंय. फुटका असता तर कधीच रान उभं राहिलं असतं."

मिस्त्रींनी बांधाआडच्या पिण्याच्या विहिरीचा मुद्दा काढला. ती खारी झाली तर काय करायचं? भीती खोटी नव्हती. आक्का म्हणाली, विहिरीभोवती आधी नवा बांध घालू. पाणी आत घ्यायला जमीनवाले कबूल झालेत. पण दरवाजाला मंडळातलं कुणी हात लावणार नाही. ज्याने बांधला, तोच सोडील, नाहीतर राहू दे.

राहू दे म्हटल्यावर मिस्त्रींची झोप उडाली. कुणी भांडलं असतं तर ते हट्टाला पेटले असते आणि सुखाने पेटलेले राहिले असते. इथे मंडळ आपलं विहिरीभोवती माती टाकत होतं. त्यांना राहून राहून चिखलातली ती बहीण आठवे. आपल्या हाताने लावलेलं आपल्या हाताने उपटणाऱ्या बाईपुढे आपण फळ्यांना तेल चोळत बसायचं, याची त्यांना लाज वाटली.

नवा बांध पुरा झाला तसे ते हत्यारं घेऊन निघाले. एकदम दरवाजा उघडला तर पाणी मुसंडी मारील आणि बांधच खचेल, म्हणून दर उधाणाला एकच फळी काढायची, असं त्यांनी ठरवलं. मध्ये रोज विहिरीचं पाणी ते स्वतः चाखत. पाणी गोडच राहिलं.

सर्वांत खालची फळी मात्र हलेना. वर्षानुवर्षं पाण्यात फुगून ती खाचेत अशी रुतली होती, की दोर लावून चौघांनी ओढली तरी ढिम्म. मिस्त्रींनी सगळ्यांना बाजूला केलं. ओहोटीच्या गुडघाभर पाण्यात उभं राहून, तरुणपणी स्वतः तासलेलं ते लाकूड त्यांनी पटाशीने फोडलं. फोडताना ते रडत होते आणि ते लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही. शेवटचा तुकडा निघाला आणि पुढची भरती बिनअडथळा आत शिरली.

रान आपलं आपणच आलं, ओळी न धरता, जिथे पाण्याने बी ठेवलं तिथे. त्याच्या मुळांत बोटाएवढी पिल्लं दिसायला लागली आणि मग बगळेही आले. इकडे तो चुकलेला पट्टाही सावरला आणि एका सकाळी त्याच्यावरची बंदी उठली.

त्या सकाळी आक्का टोपली घेऊन मिस्त्रींच्या उंबऱ्याशी आली. बाकीच्या बायका मागे उभ्या होत्या. टोपली खाली ठेवून ती वळली. मिस्त्री दारातच बसले. शिंपल्यांनी भरपाई होत नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं, पण टोपलीवरचा हात काही त्यांना उचलवेना.

"आता लोकांना काय सांगाल?" बायकोने विचारलं.

मिस्त्रींनी उपरण्याने डोळे पुसले.

"सांगीन की," ते म्हणाले. "आमच्या दरवाजात थेंबही अडत नाही."