शेवटचे दोन रकाने

"चुकलंय हे," मामा भाच्याला म्हणाले. चार वर्षांतलं त्यांचं हे पहिलं वाक्य. भाच्याच्या लग्नाच्या फोटोत मामांचं अर्धंच डोकं आलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद होतं.

मामा कामाला होते त्याच बाटल्या धुण्याच्या कारखान्यात भाचा आता इंजिनीअर म्हणून आला होता. धुलाई यंत्रासमोरच्या स्टुलावर मामा सव्वीस वर्षं बसत होते. स्टुलाखाली बटण होतं: मामा बसले की एक, उठले की शून्य. यंत्राला नवं पॅनेल बसायचं होतं; यंत्र कधी चालवायचं हे ते एका समीकरणावरून ठरवणार होतं. समीकरणात स्टूल उरलं तर मामा नोकरीत उरले, असं मॅनेजरबाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं.

समीकरण काढायला भाच्याने आठ घरांचा नकाशा आखला होता: दोन ओळी पाण्याच्या, चार रकाने मामा आणि झाकण यांचे. पा म्हणजे पाणी, झा म्हणजे झाकण, मा म्हणजे मामा. यंत्र चालायचं त्या घरात एक. असे एकचे आकडे दोनच होते. दोन्हींत पाणी भरलेलं, झाकण बंद. एकात मामा हजर, दुसऱ्यात गैरहजर, कारण ते चहाला गेले तरी बाटल्या निघतच. एकचे दोन आकडे शेजारी आले की त्यांच्याभोवती वर्तुळ काढायचं आणि वर्तुळात जे बदलतं ते खोडायचं, एवढाच खेळ. भाच्याच्या नकाशात मात्र ते एकमेकांपासून लांब पडले, त्यामुळे काहीच खोडलं गेलं नाही. मामा वाचले होते.

मामांना वाचायचं नव्हतं. त्यांना भाचा चुकलेला हवा होता.

"शेजारच्या घरांत एकच गोष्ट बदलली पाहिजे. तू आपला शून्य, एक, दोन, तीन मोजत सुटलास. शेवटचे दोन रकाने उलटे कर."

"तुम्हाला काय कळतंय यातलं?"

"या विषयात तीनदा नापास झालोय मी. तू किती वेळा झालास?"

भाचा पहिल्याच फटक्यात पास झालेला.

मामांनी रकाने बदलले. दोन्ही एक शेजारी आले. भाच्याचे कान लाल झाले. मामांनी त्या सुखात झकास गोल वर्तुळ काढलं आणि आत काय बदलतंय ते पाहिलं. पाणी तेच. झाकण तेच.

"खोडा ना आता," भाचा म्हणाला.

आधीच्या समीकरणानेही यंत्र चाललं असतंच की, असं मागे उभ्या असलेल्या मॅनेजरबाई खाली बघत पुटपुटल्या.

"चाललं असतं," मामा म्हणाले. "पण लांबलचक."

हाताने ओढलेली रेघ वाकडी जाते म्हणून त्यांनी भाच्याकडे पट्टी मागितली. त्याने दिली. मामांनी ती 'मा'वर नीट ठेवली, बोटाने दाबून धरली आणि रेघ ओढली.